डार्सीच्या तोंडून लिहिताना: 'ती' की 'त्या'?

जुनीवही

गेले पाच महिने एक काम हातात घेतलंय आणि एका सर्वनामाशी येऊन अडले आहे, म्हणून हा धागा काढतेय.

जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' इथे बऱ्याच जणांनी पुन्हा पुन्हा वाचली असेल. २८ जानेवारी १८१३ ला ती लंडनला तीन भागांत प्रसिद्ध झाली, लेखिकेचं नाव न छापता. एकूण ६१ प्रकरणं, आणि नायिका एलिझाबेथ बेनेटला जेवढं दिसतं तेवढंच जवळजवळ आपल्यालाही दिसतं. नायक डार्सी येतो, खिडकीशी उभा राहतो, चार वाक्यं बोलतो आणि जातो. त्याच्या मनात काय चाललंय याची चाहूल सुरुवातीच्या काही प्रकरणांत लागते, पुढे तीही बंद होते. मी तीच गोष्ट डार्सीच्या तोंडून लिहितेय. मराठीत, 'मी' म्हणून. प्रसंग मूळचेच, संवादही शक्यतो मूळचेच, सांगणारा फक्त दुसरा.

हे करावंसं का वाटलं ते आधी सांगते. ही गोष्ट एलिझाबेथच्या गैरसमजाची आहे असं आपण धरून चालतो. दुसऱ्या बाजूने वाचत गेलं की कळतं, त्याचा गैरसमज तिच्याहून मोठा आहे. ती टोचून बोलते आणि त्याला ती लाडीगोडी वाटते. माझी सगळ्यात आवडती जागा ३३व्या प्रकरणात आहे. एलिझाबेथ केंटमध्ये हन्सफर्डला मैत्रिणीकडे राहायला आलीय आणि शेजारच्या रोझिंग्जच्या, म्हणजे डार्सीच्या मावशीच्या वाड्याच्या, आवारात एकटी फिरायला जाते. तिथे एकदा डार्सी समोर येतो. पुन्हा असं होऊ नये म्हणून ती त्याला मुद्दाम सांगून ठेवते, की ही वाट माझ्या खास आवडीची आहे. म्हणजे तू आपला दुसरीकडे जा. तर तो दुसऱ्यांदा येतो. तिसऱ्यांदाही येतो. तिला नवल वाटतं, हा असा कसा?

आता हेच त्याच्या बाजूने बघा. आजूबाजूला चिटपाखरू नसताना एका तरुण मुलीने आपण होऊन सांगितलं, मी नेहमी इथे येते. त्याने काय समजायचं? पुढे तो लग्नाचं विचारायला जातो तेव्हा नकार मिळेल ही शंकासुद्धा त्याच्या मनात नसते. अगदी शेवटी तो तिच्यापाशी कबूल करतो, की ती आपल्या मागणीची वाट बघत असेल अशीच त्याची समजूत होती. ती समजूत त्याने तिच्याच शब्दांवर उभी केली होती. हे लिहायला मिळावं म्हणून मी हे काम घेतलं.

आता अडचण. इंग्रजीत तिच्यासाठी एकच सर्वनाम, त्यामुळे तिकडे हा प्रश्नच येत नाही. मराठीत डार्सीने मनातल्या मनात एक वाक्य उच्चारलं तरी मला ठरवावं लागतं: ती आली, की त्या आल्या?

मी असं योजलंय. मेरिटनच्या नाचाच्या रात्री तो मित्राला, बिंग्लीला म्हणतो, बरी आहे, पण मला भुरळ पडावी इतकी देखणी नाही. तिथे 'ती'. हे 'ती' वरून खाली बघणारं. हन्सफर्डला नकार मिळाला की त्या रात्रीपासून 'त्या'. आणि शेवटी, दुसऱ्यांदा विचारून होकार आला की पुन्हा 'ती', पण आता आपल्या माणसाची. अक्षर तेच, मधल्या काळात माणूस बदललेला.

वाचणाऱ्याला हे जाणवेल का? की मध्येच 'त्या' दिसल्यावर मुद्रितशोधनाची चूक वाटेल?

पाणकणीस

वाचतेय. रोझिंग्जच्या वाटेची गंमत इतक्या वेळा वाचूनही लक्षात आली नव्हती. पुढील लेखनास शुभेच्छा.

कोकणकडा

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. डार्सी आपल्याला आवडतो तो बंद दारामुळे. दार उघडलंत की आत एक प्रेमात पडलेला २८ वर्षांचा श्रीमंत माणूस निघेल, आणि तसे ढिगाने आहेत.

बिंग्लीच्या घरचा, नेदरफील्डमधला तो शनिवार आठवा. बहीण जेन बरी झाल्यामुळे एलिझाबेथ दुसऱ्या दिवशी घरी जाणार. आपण तिच्याकडे जरा जास्तच लक्ष दिलं असं डार्सीला वाटतं, म्हणून दिवसभरात तो तिच्याशी दहा शब्दही बोलत नाही. मध्ये अर्धा तास खोलीत दोघंच असतात आणि हा पुस्तकातून मान वर काढत नाही. ऑस्टिन हे दोनच वाक्यांत उरकते. तो अर्धा तास माझ्या डोक्यात पंचवीस वर्षं राहिलाय, कारण तिने तो भरला नाही. तुम्ही भरणार.

दुसरी भीती जास्त मोठी आहे. कर्ण स्वतःच्या तोंडून बोलतो ती कादंबरी वाचून आपल्या दोन पिढ्या वाढल्या. मीही वाढलो. पण नायकाच्या हातात लेखणी दिली की लेखक त्याचं वकीलपत्र घेतो, हे मी तिथेच पहिल्यांदा पाहिलं. डार्सीने जेन आणि बिंग्लीला तोडलं, जेन लंडनमध्ये आहे हे बिंग्लीपासून लपवलं. याची बाजू मांडायला गेलात तर गोष्ट संपली.

आणि सर्वनामाचं. तोंडावर नकार ऐकून आलेला माणूस त्याच रात्री 'त्या' म्हणायला लागेल हे पटत नाही. त्याचा अपमान झालाय. त्या रात्री आदर कुठून येईल?

जुनीवही

कोकणकडा, राग कसला. शेवटचा मुद्दा तर चांगलाच लागलाय, त्यावर विचार करून लिहिते.

तो अर्धा तास मी लिहिलाय, चार ओळींत. तो एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचतोय. मग त्याच्या लक्षात येतं, की बराच वेळ झाला, आपण पान उलटलेलं नाही. म्हणून उलटतो. तिला आवाज ऐकू जावा म्हणून. आणि आता त्याला मागच्या पानावर जाता येत नाही. एवढंच. धडधड वगैरे काही नाही.

वकीलपत्र घेणार नाही. त्याने केलेलं त्याच्याच तोंडून, त्याला तेव्हा जसं योग्य वाटलं तसं येईल. वाचणाऱ्याला अंगावर काटा यावा, कारण तो किती शांतपणे सांगतोय.

शाईपेन

मी २९ वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यातली बरीचशी ही कादंबरी शिकवण्यात गेली. तेव्हा थोडं सविस्तर.

जुनीवहीताई, तुमच्या कामातली खरी अवघड गोष्ट सर्वनामाच्याही आधी येते. ऑस्टिनच्या कादंबऱ्यांत बाई हजर नाही आणि फक्त पुरुष आपसात बोलताहेत असे प्रसंग जवळजवळ नाहीतच. मेरिटनच्या नाचात डार्सी आणि बिंग्ली बोलतात तेही एलिझाबेथ शेजारी बसलीय आणि तिला ऐकू जातंय म्हणून आपल्याला कळतं. दोघे मित्र घोड्यावरून जाताना काय बोलतात, जेवणानंतर बायका उठून गेल्यावर टेबलाशी काय बोलणं होतं, हे तिने लिहिलं नाही. जे तिला स्वतःला ऐकता येणं शक्य नव्हतं त्याच्या वाटेला ती गेली नाही. तुम्हाला मात्र जावं लागणार. डार्सी बिंग्लीला लंडनमध्ये बसवून जेनपासून परावृत्त करतो तो प्रसंग तुम्हाला टाळता येणार नाही, आणि त्याला आधाराला मूळ कादंबरीत नकारानंतर डार्सीने एलिझाबेथला लिहिलेल्या पत्रातल्या काही ओळींपलीकडे काही नाही.

काळाविषयी. 'रीजन्सी' म्हणजे १८११ ते १८२०. तिसऱ्या जॉर्जचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही म्हणून फेब्रुवारी १८११ मध्ये त्याच्या थोरल्या मुलाला राजप्रतिनिधी नेमलं. कादंबरीचा पहिला खर्डा मात्र त्याच्या कितीतरी आधीचा, १७९६-९७ चा. १७९७ मध्ये तिच्या वडिलांनी एका प्रकाशकाला पत्राने विचारलं होतं, त्याने बघायलाही नकार दिला. म्हणजे डार्सी १५ वर्षं तिच्या दप्तरात होता.

याच सुमाराला आपल्याकडे पुण्यात दुसरा बाजीराव होता. तुम्ही जुनं मराठी पत्रलेखन वाचलेलं आहे असं तुमच्या आधीच्या धाग्यांवरून दिसतं, म्हणून आधीच सांगते: डार्सीच्या पत्राला पेशवाई मायना लावायचा मोह होईल. 'विनंती विशेष' वगैरे. लावू नका. तो लगेच शनिवारवाड्यात जाऊन बसेल. त्याला डर्बीशायरमध्येच राहू द्या. मूळ पत्राच्या सुरुवातीला तिचं नावही नाही, पहिल्या वाक्यात नुसतं 'मॅडम' आहे.

जाता जाता एक धागा खरोखरच इकडचा. ऑस्टिनची आत्या लग्नासाठी जहाजाने हिंदुस्थानात आली होती, आत्येबहीण कलकत्त्यात जन्मली आणि तिचा धर्मपिता वॉरन हेस्टिंग्ज. तोच, ज्याच्या कारकिर्दीत पहिलं इंग्रज-मराठा युद्ध होऊन १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. म्हातारपणी त्याने ही कादंबरी वाचली आणि त्याला एलिझाबेथ फार आवडली. हे कळल्यावर ऑस्टिनला झालेला आनंद तिच्या पत्रात आहे.

जुनीवही

ताई, मायना मी खरंच लावला होता. आत्ताच काढून टाकला.

अटकेपार

मी मँचेस्टरला असतो. डार्सीचं पेंबर्ली डर्बीशायरमध्ये, म्हणजे इथून जवळच. १९९५ च्या बीबीसी मालिकेत पेंबर्ली म्हणून बाहेरून जे घर दिसतं ते लाइम पार्क, तिथे दोनदा गेलोय. तळ्याकाठी फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते. डार्सी तळ्यात उडी मारून ओल्या सदऱ्यात चालत येतो तो प्रसंग कादंबरीत नाही, हे सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. त्या मालिकेनेही जुनीवही करताहेत तेच केलं होतं: एलिझाबेथ नसताना डार्सी काय करतो ते दाखवलं.

कादंबरीत त्या भेटीचा वेगळाच तपशील आहे आणि मला तो उडीपेक्षा जास्त आवडतो. हिरवळीवर दोघं अचानक समोरासमोर येतात, दोघांचे चेहरे लाल होतात, आणि हा इतका आदबशीर माणूस तिला लाँगबोर्नहून, म्हणजे घरून, कधी निघालात, डर्बीशायरमध्ये किती दिवस आहात, हेच पुन्हा पुन्हा विचारत राहतो. शेवटी त्याला सुचायचंच बंद होतं, काही क्षण गप्प उभा राहतो आणि एकदम रजा घेऊन निघून जातो. याच्या आतून लिहिणं म्हणजे काय असेल! आपण तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारतोय हे त्याला कळत असणार, आणि थांबता येत नसणार.

दुसरं म्हणजे लंडनचे दिवस. धाकटी बहीण लिडिया विकम नावाच्या लष्करी अधिकाऱ्याबरोबर पळून गेल्याचं एलिझाबेथ त्याला लॅम्टनच्या खानावळीत सांगते. तो खोलीत येरझाऱ्या घालतो, कपाळाला आठ्या, आणि निघून जातो. तिला वाटतं, संपलं, आता हा आपलं तोंड बघणार नाही. तो मात्र येरझाऱ्या घालतानाच शोध कुठून सुरू करायचा याचा हिशेब करतोय. एलिझाबेथ आणि तिचे मामा-मामी निघाले, त्यानंतर एकाच दिवसाने तो डर्बीशायरहून निघाला, हे मामीच्या पत्रात स्पष्ट आहे. आगगाडी नव्हती. घोड्यांच्या गाडीने वाटेत मुक्काम करत जायचं. ही मंडळीही वाटेत एक रात्र राहूनच लाँगबोर्नला पोचली होती. त्या प्रवासात डार्सी एकटा आहे. माझ्या मते तुमचं सगळ्यात चांगलं प्रकरण तिथे आहे.

जमाखर्च

पुस्तक एकदाच वाचलंय, पण आकडे दिसले की मला राहवत नाही.

डार्सीचं उत्पन्न वर्षाला १०,००० पौंड. म्हणजे दिवसाला २७ पौंडांच्या वर. ऑस्टिनने या कादंबरीचे हक्क प्रकाशकाला ११० पौंडांना विकले. तिला १५० हवे होते. म्हणजे ज्या बाईने हा माणूस निर्माण केला तिला त्याबद्दल त्याचं चार दिवसांचं उत्पन्न मिळालं. हे गणित केलं तेव्हा मी थोडा वेळ तसाच बसून राहिलो.

आता विकम. डार्सीच्या वडिलांनी मृत्युपत्रात त्याला १,००० ठेवले. धर्मोपदेशकाची जागा नको म्हणून त्याने वर ३,००० घेतले. ते उडवून डार्सीची बहीण जॉर्जियाना हिला पळवायला निघाला, ती १५ वर्षांची, नावावर ३०,०००. तो डाव फसला. पुढे लिडियाच्या वेळी डार्सीने त्याचं हजारावर असलेलं कर्ज फेडलं, लिडियाच्या नावे आणखी १,००० केले, आणि सैन्यातली जागा विकत घेऊन दिली ती वेगळी. ज्या माणसाने बहिणीला फसवलं त्याच्या समोर बसून डार्सीने हे आकडे ठरवले. घासाघीस झाली असणारच. जुनीवही, तो प्रसंग लिहाल तेव्हा आकडे गाळू नका. त्याला प्रत्येक आकड्याची चव तोंडात जाणवली असणार.

हिरवा_चाफा

मी सर्वनामाकडे परत येते, कारण कोकणकडा यांचा प्रश्न दोन दिवस डोक्यात आहे: नकाराच्या रात्री आदर कुठून येईल?

येणार नाही. पण 'आपण' येईल.

आमच्या घरी आई बाबांना 'अहो, तुम्ही' म्हणते. चाळीस वर्षं. ती खरी रागावली की 'आपण' म्हणते. "आपण जेवून घ्यावं. आमची वाट बघू नये." लहानपणी हे ऐकलं की मी आणि भाऊ दप्तरं उचलून आतल्या खोलीत जायचो. आवाज चढलेला नसायचा, उलट उतरलेला असायचा. आदरार्थी बहुवचनाने मराठी माणूस दुसऱ्याला जितकं लांब ढकलू शकतो तितकं शिवीनेही नाही ढकलू शकत.

तर डार्सीच्या पत्रातलं 'आपण' आणि मनातलं 'त्या' हे आधी रागाचं येऊ द्या. तिने त्याला सांगितलंय की तुझं वागणं सभ्य माणसाचं नव्हतं. ठीक, मग आता सभ्यपणा बघाच. असा.

कोकणकडा

हे पटलं. पूर्ण पटलं. हा मुद्दा मला सुचायला हवा होता.

शाईपेन

चाफा, किती नेमकं! आणि याला मूळ कादंबरीतच आधार आहे. ५८व्या प्रकरणात डार्सी म्हणतो, पत्र लिहिताना मी अगदी शांत आहे असं मला वाटत होतं, नंतर कळलं की ते भयंकर कडवटपणात लिहिलेलं होतं. त्यावर एलिझाबेथ म्हणते, सुरुवात कडवट असेल, शेवट तसा नाही. शेवटच्या ओळीत तो तिला देवाचा आशीर्वाद देतो. म्हणजे एकाच पत्रात, कुठेतरी, वळण आहे.

जुनीवहीताई, ते कुठे आहे ते तुम्ही शोधा. माझ्या मनात एक जागा आहे, पण आधी तुमची बघायचीय.

जुनीवही

चार दिवस इथे फिरकले नाही कारण हेच लिहीत होते. ते प्रकरण मोडून पुन्हा लिहिलं. त्यातला तुकडा देते. नकारानंतरची सकाळ, रोझिंग्ज.

*लेखणी तिसऱ्यांदा तासली. माझी लेखणी मी कुणाला तासू देत नाही. आज टोक धरत नव्हतं, तो दोष पिसाचा नव्हता.*

*बिंग्लीचा विषय पुरा केला. आपल्या भगिनींच्या चेहऱ्यावरून त्यांच्या मनाचा थांग मला लागला नाही, असं लिहिलं. आपल्या मातोश्रींचं वर्तन, असं लिहिलं. आपण मला दिलेली दूषणं, असं लिहिलं. प्रत्येक 'आपण' कागदावर नीट, सरळ रेषेत उतरत होता. त्यांनी काल माझ्या सभ्यतेविषयी शंका घेतली होती. या पत्रात त्यांना ती शोधावी लागणार नव्हती.*

*मग विकम. वडिलांचं मृत्युपत्र, एक हजार, तीन हजार, हे भराभर झालं. पुढे रॅम्सगेट, जिथून तो जॉर्जियानाला पळवणार होता.*

*लेखणी खाली ठेवली. हे मी बिंग्लीला सांगितलेलं नाही. मावशींना तर नाहीच. मामेभाऊ फिट्झविल्यमला ठाऊक आहे, कारण माझ्याइतकाच तोही तिचा पालक आहे. आणि आता हे मी कागदावर लिहून अशा व्यक्तीच्या हाती देणार होतो जिने बारा तासांपूर्वी मला सांगितलं होतं, की जगातला शेवटचा पुरुष असतो तरी माझ्याशी लग्न करायला ती तयार झाली नसती. हा कागद त्यांनी मेरिटनला कुणाला दाखवला तर जॉर्जियाना संपली.*

*त्या दाखवणार नाहीत.*

*हे मला कसं माहीत, ते कळेना. त्यांचा राग पाहिला होता, तिरस्कार पाहिला होता. पण शंका येत नव्हती, आणूनही येत नव्हती. लेखणी उचलली आणि लिहिलं: आपण हे गुप्त ठेवाल याबद्दल माझ्या मनात संशय नाही. 'आपण' पुन्हा सरळ रेषेत उतरला. पण तो मघाचा नव्हता.*

*दोन्ही ताव गच्च भरले, पाकिटाचा कागदही भरला. राईत जायला हवं होतं. त्या कोणत्या वाटेने येतात ते मला त्यांनीच सांगितलेलं होतं.*

शाईपेन

माझ्या मनातली जागा हीच होती. बहिणीचं गुपित. आपण ज्याला तुच्छ मानतो त्याच्या हाती असं काही देत नाही, हे त्याला लिहिता लिहिता कळतं.

'बारा तासांपूर्वी' मात्र तपासा. तिथे संध्याकाळचा चहा आहे, तिचं डोकं दुखतंय म्हणून ती घरीच राहते. आणि पत्रावर सकाळी आठची वेळ आहे. थोडं पुढेमागे होईल, पण डार्सीसारखा माणूस तास मोजत असेल तर नीट मोजेल.

कोकणकडा

शेवटचं वाक्य वाचून मी उठून फेरी मारून आलो. धाग्यात ज्या वाटेवरून तुम्ही सुरुवात केलीत तीच वाट. त्याला अजून तो इशारा होता हे कळलेलं नाही, म्हणून तो तिथेच जातोय.

बंद दाराबद्दलचं माझं म्हणणं मागे घेत नाही. पण दार पुरतं उघडलेलं नाही, हे बरं वाटलं. एक सूचना: 'पण तो मघाचा नव्हता' हे वाक्य काढा. 'सरळ रेषेत उतरला' इथेच थांबा.

हिरवा_चाफा

काढू नका असं मला वाटतं. सगळ्यांच्या घरी आई 'आपण' म्हणणारी नसते. वाचणाऱ्याला एवढा हात द्यायला हवा.

जुनीवही

तास बदलले: 'काल संध्याकाळी' केलं. ते वाक्य सध्या ठेवलंय, पेन्सिलने कंस करून.

आता शेवटच्या 'ती'चा प्रश्न राहिला. दुसऱ्या मागणीनंतरच्या एका संवादात एलिझाबेथ त्याला विचारते, तू माझ्या प्रेमात नक्की कधी पडलास? तो म्हणतो, ती वेळ, ती जागा, ते शब्द मला सांगता येणार नाहीत; सुरू झालंय हे कळलं तेव्हा मी मध्यावर पोचलो होतो. हे उत्तर इतकं पुरं आहे, की त्यानंतर त्याच्या तोंडून आणखी काही वदवणं नको वाटतं. म्हणून माझं शेवटचं प्रकरण लग्नानंतरचं आहे: पेंबर्लीच्या चित्रांच्या दालनात त्याच्या चित्राशेजारी तिचं चित्र लागतं. तिथे 'ती'. पण प्रसंग ओढूनताणून आणल्यासारखा वाटतोय.

शाईपेन

ताई, चित्रावरून एक खरी हकीकत सांगते, तुमच्या कामी येईल.

मे १८१३. कादंबरी येऊन चार महिने झालेत. ऑस्टिन लंडनला भाऊ हेन्रीकडे आलीय आणि चित्रांचं प्रदर्शन बघायला जाते. बहिणीला पत्रात लिहिते, की मला तिथे मिसेस बिंग्लीचं, म्हणजे लग्नानंतरच्या जेनचं, छोटं चित्र सापडलं, अगदी हुबेहूब! पांढरा पोशाख, त्यावर हिरवे अलंकार; हिरवा तिचा आवडता रंग असणार असं मला वाटायचंच. मिसेस डार्सी बहुतेक पिवळ्यात असेल. मग ती दुसऱ्या प्रदर्शनात जाते, तिथेही शोधते. मिसेस डार्सी कुठेच नाही. तेव्हा ती लिहिते, की मिस्टर डार्सीला तिचं चित्र इतकं मोलाचं वाटत असणार, की ते चारचौघांच्या नजरेला पडावं हे त्याला रुचत नसेल. प्रेम, अभिमान आणि संकोच यांचं असं काहीतरी मिश्रण त्याच्या मनात असेल, अशी मी कल्पना करू शकते.

पुस्तक छापून झाल्यावरही ती त्याच्या मनात डोकावत होती.

जुनीवही

हे मला माहीत नव्हतं. दोनदा वाचलं.

मग दालनातलं चित्र काढून टाकते. ते तिथे लागणारच नाही. आत्ता सुचलेली सुरुवात इथेच लिहून ठेवते, नाहीतर सकाळपर्यंत जाईल:

*चित्रकाराचं पत्र आलं, की प्रदर्शन मे महिन्यात आहे, पाठवाल का. नाही म्हणून कळवलं. कारण दिलं नाही. चित्र माझ्या लिहायच्या खोलीत आहे, दारातून दिसणार नाही अशा भिंतीवर. पिवळा पोशाख आहे. ती म्हणते, प्रकाश चुकीच्या बाजूने येतो.*

पाणकणीस

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.